टिकल्यांची मोजणी

सकाळी साडेदहाला मी टिकल्या मोजते.
म्हणजे लेम्ना. मराठीत हिला नाव असेलही,
मला सापडलं नाही. आई एकदा डबा द्यायला विभागात आली,
भांड्यात डोकावून म्हणाली,
"अगं, पाण्याला टिकल्या कुणी लावल्या?"
तेव्हापासून नोंदवहीत मी नुसतं 'टि.' लिहिते.
पारीखबेन चिडत नाहीत. "चालशे," म्हणतात,
"आंकडो साचो जोईए."

वाण विश्वामित्रीचं नाही.
तिथे मगरी, आणि मगरींहून न दिसणारं
काय काय, कुणी सांगावं.
दभोई रस्त्यावरच्या एका तळ्यातून आणलं,
चहाच्या गाळणीनं, म्हशींची माफी मागून.

काचेची बारा भांडी.
पहिल्या तिघांत साधं पाणी.
पुढच्या नवांत चढत्या मात्रेनं चांदी:
एवढी बारीक, की धुळीचा कण
तिच्यापुढे पावागड.

चांदी म्हटलं की घरात वेगळंच काही.
माझ्या उष्टावणाची वाटी, मांडवीच्या सराफाकडची,
तळाशी नाव टोचलेलं, अनुस्वार विसरलेलं:
'हेमागी'.
आत्या पिण्याच्या पिंपात चांदीचा रुपया टाकायची.
पाणी नासत नाही, म्हणायची.
खरंच नासत नाही.
नासवणारे जीव आधी मरतात.

तेच आता मोज्यांच्या पाकिटावर छापतात.
घामाचा वास येणार नाही, चांदीयुक्त.
भावानं सहा जोड घेतले, फिरतीची नोकरी.
दर धुण्याला थोडी चांदी मोरीत,
मोरीतून गटारात, गटारातून
जिथे उतार असेल तिथे.
आत्याचा रुपया निदान पिंपातच राहायचा.

टिकलीचा संसार सोपा.
आईच्या कुशीतून लेक फुटते,
मूळ धरेपर्यंत कडेला चिकटून राहते,
मग एक दिवस तरंगत बाजूला होते, फार लांब नाही.
साध्या पाण्यात असंच चाललंय.
आठवड्यात एवढी दाटी की पाणी दिसेना,
मोजताना माझा आकडा दोनदा चुकला.

सातव्या भांड्यात लेकी लवकर सुटतात.
मूळ नाही, पान पुरतं उमललेलं नाही.
आईनं लोटलं की तीच घाबरून निघाली,
यासाठी तक्त्यात रकाना नाही.
'विलग' असा शब्द आहे. तो लिहिते.
दहाव्यात मुळं गळाली,
कंगव्यातल्या केसांसारखी तळाशी.
बाराव्यात हिरवं पिवळं झालं, पिवळं पांढरं,
आता ओल्या कागदाचे तुकडे.
तरी चिमट्यानं एकेक उलटून पाहते,
एखादी मोजायची राहिली असेल.

पारीखबेन म्हणतात, ही मात्रा आपण घातलेली,
तळ्यात एवढी नसणार.
मग किती?
ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही.
नमुना बाहेर पाठवायचा, खर्च मंजूर व्हायचाय.
तोवर खरा आकडा म्हणजे
कोरी जागा, खाली पेन्सिलीची रेघ.

संध्याकाळी दांडिया बाजारात घरी आले
तर आई माझी वाटी रांगोळीनं घासत होती.
रविवारी भाचीचं उष्टावण.
काळं पाणी ओघळून मोरीकडे चाललेलं,
वाटी लख्ख, अनुस्वार अजून नाहीच.
"बघ, कशी निघाली," आई म्हणाली.
"छान," म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

कोपऱ्यात भावाचे मोजे भिजत होते.
पिळून दोरीवर टाकले,
आणि बादली उचलली.

मोरीत नको.
तुळशीला नको.
गॅलरीतून खाली नको, खाली मोगरा आहे
तळमजल्यावरच्या शिर्केवहिनींचा.

आई विचारतेय, काय गं, काय झालं?
बादली जड नाही.
मी ती धरून उभी आहे.